वाकायचं नाही हं!

आमच्या लहानपणी कुणाच्या कमरेत उसण भरली की पहिली चौकशी व्हायची ती पायाळू माणसाची. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. अशा माणसानं दुखऱ्या कमरेला लाथ लावली की उसण पळते, अशी समजूत. आमच्या वाड्यामागे असे एक गृहस्थ राहायचे, पोस्टात नोकरीला. सकाळी ते कामावर निघायच्या आत दारात एखादा वाकडा झालेला माणूस उभा असायचाच. ते चप्पल काढायचे, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे आणि संकोचानं, अगदी हलकेच पाय लावायचे. पैसे घेत नसत. समोरचा वयानं मोठा असला तर पाय लावला म्हणून नंतर वाकून नमस्कारही करायचे.

बहुतेकांना गुण यायचा. येणारच. साधी उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपण उतरते. मग लाथ खा, निर्गुडीच्या पाल्याचा शेक घ्या नाहीतर बिब्बा लावा. पण एवढं म्हणून तो विषय हसण्यावारी नेणं मला पटत नाही. ती लाथ खाल्लेला माणूस सरळ चालत घरी जायचा. आता आपण बरे होणार याची त्याला खात्री झालेली असायची आणि तो आपल्या कामाला लागायचा. पुढे माझ्या कमरेवर चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनी चकचकीत यंत्रं लावून जे काही केलं, त्यात ही खात्री तेवढी बरीच वर्षं कुणी दिली नाही.

माझी पाठ धरली चाळिशीत. बँकेतली नोकरी, दिवसभर खुर्ची, संध्याकाळी ओटा. कमरेपासून डाव्या मांडीपर्यंत ओढ, सकाळी उठताना अंग आंबलेलं, रात्री कुशीवर वळताना कळ. आधी गोळ्या झाल्या, मलम झालं, शेक झाला. दुखणं हलेना. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं किंवा पुन्हापुन्हा येणारं दुखणं म्हणजे जुनाट वेदना, अशी डॉक्टरांची व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची जी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिच्यात या दुखण्याला स्वतंत्र जागाही मिळाली आहे. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं एमआरआय काढ, मी काढला.

तो मोठा पांढरा लिफाफा घरी आला ती संध्याकाळ पक्की लक्षात आहे. नवऱ्यानं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. सासूबाई चष्मा लावून पुढे झाल्या. "ते काळं काळं दिसतंय तेच का गं?" कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळ्यांनी माना हलवल्या. रिपोर्टात लिहिलं होतं: डिफ्यूज डिस्क बल्ज, डिस्क डेसिकेशन, डिजनरेटिव्ह बदल. मुलानं एकेक शब्द मोबाइलवर शोधून वाचून दाखवला. फुगलेली. सुकलेली. झिजलेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्मवर पेन टेकवून शिक्कामोर्तब केलं. "मणक्यात गॅप आलाय. वय चाळीस, पण मणके साठीचे आहेत. आता जपायचं. वाकायचं नाही, मांडी घालून बसायचं नाही, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही." वर कंबरपट्टा लिहून दिला. हे सगळं पाच मिनिटांत. आपण माझ्या आयुष्यातलं काय काय बंद करतोय याचा त्यांना अंदाजही नसावा.

आणि मग घरानं मला जपायला घेतलं. आमच्याकडे प्रेम बोलून दाखवायची पद्धत नाही, ते असं बाहेर येतं. पिठाचा डबा खालच्या कप्प्यातून वर आला. बादली मुलाकडे गेली. गौरींच्या हळदीकुंकवाला सगळ्या बाया सतरंजीवर आणि मी खुर्चीत, आजारी पाहुणीसारखी. खाली काही पडलं की घरातून कुणीतरी ओरडायचं, "वाकायचं नाही हं!" शेजारच्या काकूसुद्धा ओरडायच्या. हळूहळू मी वाकणं सोडाच, वाकायचा विचार मनात आला तरी श्वास धरायला लागले. पलंगावरून उठताना एक हात भिंतीला, एक कमरेवर. शिंक येणार असं वाटलं की आधी टेबल धरायचं. बँकेत काउंटरखाली पेन पडलं तर ते मी चपलेनं सरकवत सरकवत शिपायाच्या खुर्चीपर्यंत नेत असे.

या सगळ्याला शास्त्रात नाव आहे, हे खूप नंतर कळलं. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली पाठदुखीतल्या भीतीवर एक निबंध लिहिला, आणि तेव्हापासून ती मांडणी जगभर वापरली जाते. दुखतंय म्हणजे आत काहीतरी बिघडतंय असं माणूस धरून चालतो. म्हणून हालचाल टाळतो. टाळल्यानं स्नायू कमजोर होतात, लक्ष सतत त्याच जागेकडे राहतं, मन खचतं. मग थोड्याशा हालचालीनंही जास्त दुखतं, आणि आपण घाबरलो ते बरोबरच होतं अशी त्याची खात्री पटते. दुखलं तरी फारसं न घाबरणारे मात्र पडत-झडत कामाला लागतात आणि त्यातले बरेच सुटतात. यात माझा स्वभाव किती आणि "मणके साठीचे" या वाक्याचा वाटा किती, याचा हिशेब मी अजून करते आहे.

त्या रिपोर्टातल्या शब्दांचं काय? अमेरिकेतल्या एका संशोधक गटानं २०१५ साली तेहतीस अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात पाठीचं काहीही दुखणं नसलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन होते. वयाच्या विशीत ३७ टक्के लोकांच्या चकत्या, म्हणजे मणक्यांमधल्या गाद्या, झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. फुगलेली चकती विशीतच ३० टक्क्यांची, पन्नाशीत ६० टक्क्यांची. हे ठणठणीत लोक होते. म्हणजे आमच्या बँकेतल्या सगळ्या स्टाफला रांगेनं त्या यंत्रात घातलं असतं, तर कितीतरी जणांच्या हातात माझ्यासारखाच लिफाफा आला असता आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याही कमरा दुखायला लागल्या असत्या.

तिकडे कुणालातरी सुचलं की रिपोर्टाच्या खालीच हे आकडे छापावेत, म्हणजे वाचणारा घाबरणार नाही. अडीच लाखांच्या आसपास रुग्णांवर तसं करून पाहिलं. २०२० मध्ये निकाल आला: पुढच्या वर्षभरात पाठीच्या तपासण्या आणि उपचार काही कमी झाले नाहीत, अफूच्या जातीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित घटल्या. मला याचं नवल वाटलं नाही. पेन टेकवून बोललेलं वाक्य खालच्या बारीक टाइपानं पुसलं जात नाही.

वर्ष-दीड वर्षानं दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, तर तिथे उलटी तऱ्हा. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली, नसा तपासल्या, पायाची ताकद पाहिली आणि म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. टेन्शन घेता का? घरी सगळं ठीक आहे ना?" हे बोलताना ते माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर नवरा हायसं वाटून म्हणाला, "बघ, काही नाहीये." मला रडू फुटलं. साठीचे मणके परवडले, पण हे नको असं झालं. गंमत अशी की त्यांची तपासणी पहिल्यांपेक्षा चांगली होती आणि निष्कर्षही बऱ्यापैकी बरोबर होता. पण बाईचं दुखणं आणि तपासणी नॉर्मल, या दोन गोष्टी एकत्र आल्या की "मनाचे खेळ" हा शेरा तयारच असतो. बायकांच्या वेदनेकडे डॉक्टर कमी गांभीर्यानं बघतात, ती भावनिक ठरवून मोकळे होतात, हे पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच नोंदलं गेलं आहे. आपल्याकडे त्यासाठी अभ्यास कशाला हवा? कुठल्याही ओपीडीच्या बाकावर तासभर बसावं.

माझी मावशी तासगावजवळ राहते. द्राक्षबाग, बेदाण्याची शेड, चार माणसांचं घर. तिचे गुडघे माझ्या पाठीच्या कितीतरी आधीपासून दुखतात. तिला कुणी जपलं नाही आणि तिनंही कुणाकडून जपून घेतलं नाही. "दुखतंय म्हणून काय बसून राहू व्हय? आन् सांगून तरी काय, दुखायचं थांबतंय?" दुखणं सांगणं म्हणजे कामचुकारपणा, हे तिच्या सासूनं तिला शिकवलं आणि तिनं स्वतःच्या सुनेला शिकवायचा प्रयत्न केला. (सून शिकली नाही. शाबास तिची.) मावशीचा उपचार म्हणजे वाटाणा, हरभऱ्याची डाळ आणि वांगं बंद, कारण ते वातूळ, आणि मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी पांढरी गोळी, जी ती वर्षानुवर्षं घेत आलेली. त्या गोळीनं पोटाचं आणि मूत्रपिंडाचं काय होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडे गेलीच तर इंजेक्शन हवं. ज्यानं सुई टोचली नाही तो तिच्या लेखी डॉक्टरच नव्हे.

मला जपून जपून पांगळं केलं आणि मावशीनं सोसून सोसून पोट जाळलं. एकाच घरातल्या दोघी.

मला वळण लागलं ते एका फिजिओथेरपिस्ट मुलीमुळे. वयानं माझ्या भाचीएवढी. तिनं फिल्म मागितली नाही. टेबलावरचा नॅपकिन जमिनीवर टाकला आणि म्हणाली, "काकू, उचला." मी म्हटलं, मला वाकायला बंदी आहे. "वाकलात तर काय होईल असं वाटतं?" मी म्हटलं, गादी फुटेल. हे मोठ्यानं म्हटल्यावर माझं मलाच विचित्र वाटलं, कारण इतकी वर्षं मी हे कुणापाशी बोलले नव्हते आणि कुणी विचारलंही नव्हतं. ती हसली नाही. पाठीच्या कण्याचा सांगाडा काढून तिनं चकती दोन्ही बाजूंच्या मणक्यांना कशी घट्ट बांधलेली असते ते दाखवलं. ती जागची सरकत वगैरे नाही, म्हणाली. मग मी नॅपकिन उचलला. श्वास धरून, गुडघे थरथरत. दुखलं. "दुखलं ना? दुखणारच. पण मोडलं काही?" त्या दिवशी तेवढंच झालं. पुढच्या खेपेला श्वास न धरता उचलायचा, त्याच्या पुढच्या खेपेला पाण्याची बाटली.

तिनंच मला समजावलं की दुखणं जुनं झालं की मज्जासंस्था हळवी होते. आमच्या सोसायटीत एक गाडी आहे. बॉनेटवर मांजर बसलं तरी तिचा अलार्म कोकलतो. चोर नसतो, पण आवाज खरा असतो आणि झोपमोडही खरी होते. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये मज्जारज्जूतला हा हळवेपणा प्रयोगानं दाखवला होता. त्याच्याही आधी, १९६५ साली, रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं होतं की वेदनेचा निरोप वर मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत त्याची अडवणूक होऊ शकते आणि मेंदू वरून ती कमीजास्त करू शकतो. तेव्हा भीती, लक्ष, अपेक्षा या काही वरवरच्या गोष्टी नाहीत. त्यांचा हात थेट त्या यंत्रणेपर्यंत पोचतो.

किती पोचतो हे दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. उल्रिके बिंगल यांच्या गटानं २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला. निरोगी लोकांच्या पायाला चटका देत होते आणि शिरेतून एक जबरदस्त वेदनाशामक सोडत होते. औषध चालू झालंय हे सांगितलं नव्हतं तेव्हा आराम थोडाच पडला. "आता औषध सुरू करतोय" म्हटल्यावर जवळजवळ दुप्पट. मग "औषध थांबवलंय, आता दुखू शकेल" असं सांगितलं. प्रत्यक्षात औषध तसंच चालू होतं. तरी आराम पार नाहीसा झाला. औषध तेच, मात्रा तीच.

दुसरं उदाहरण ह्यूस्टनचं. ब्रूस मोझली या शल्यविशारदानं गुडघे झिजलेल्या १८० लोकांचे गट केले. काहींची दुर्बिणीची शस्त्रक्रिया खरी केली, काहींना नुसत्या वरवरच्या चिरा देऊन टाके घातले. २००२ मध्ये निकाल छापून आला: दोन वर्षांपर्यंत पाहिलं तरी खऱ्या आणि खोट्या शस्त्रक्रियेत फरक नाही. आमच्या पायाळू काकांना हे कळलं असतं तर त्यांचा संकोच थोडा कमी झाला असता.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, म्हणजे सगळं मनाचंच! सॅन फ्रान्सिस्कोत १९७८ साली तीन संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं. काहींना त्यानं बरं वाटलं. मग अफूच्या जातीच्या औषधांचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन दिलं, तर त्यांचं दुखणं परत वाढलं. विश्वासानं जो आराम पडला होता, तो शरीरानं स्वतःच तयार केलेल्या रसायनांमुळे पडला होता. मन आणि शरीर अशी दोन वेगळी खाती उघडून बसलेल्या माझ्या दुसऱ्या डॉक्टरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

समजुती फक्त रुग्णाच्या नसतात. अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिनचीच गोष्ट घ्या. सरकारी परवान्यानं अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात होते, नीमचला सरकारी कारखाना आहे, आपण ती निर्यात करतो. आणि आपल्याच देशातले कर्करोगाचे रुग्ण मॉर्फिनच्या साध्या गोळीवाचून तळमळत राहिले, कारण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्यांची अशी साखळी उभी केली की दवाखान्यांनी ते औषध ठेवणंच सोडलं. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या ते लिहून न देता निवृत्त झाल्या. पेशंटला चटक लागेल ही भीती. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला. डॉक्टरांच्या मनातली भीती काही दुरुस्ती विधेयकानं जात नाही.

अमेरिकेत नेमकी उलटी समजूत पसरली. १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात परिच्छेदभर पत्र छापून आलं होतं: रुग्णालयात अशी औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसनाची फक्त चार उदाहरणं. हे दाखल रुग्णांबद्दल होतं, वर्षानुवर्षं घरी गोळ्या घेणाऱ्यांबद्दल नव्हतं. पण १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातीची गोळी बाजारात आल्यावर त्या पत्राचा दाखला देत देत पाठदुखीलाही त्या गोळ्या लिहिल्या गेल्या, आणि पुढे किती माणसं गेली ते जगानं पाहिलं. औषध एकाच घराण्यातलं. एका देशात ते द्यायला घाबरले म्हणून हाल झाले, दुसऱ्यात घाबरले नाहीत म्हणून.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं मात्र १९९७ मध्ये फार शहाणपणाचं काम केलं. टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या. ओळखीचे चेहरे येऊन सांगायचे: पाठ दुखली तरी हिंडतेफिरते राहा, अंथरूण धरू नका, कामावर जा. रशेल बुकबाइंडर यांच्या गटानं शेजारच्या न्यू साउथ वेल्सशी तुलना केली. व्हिक्टोरियात लोकांची समजूत बदलली, डॉक्टरांचीही बदलली, आणि पाठदुखीपोटी होणारे भरपाईचे दावे घटले. आपल्याकडे एसटी स्टँडसमोर फलक असतात ते तेलाचे, पट्ट्याचे आणि "गुडघेदुखी मुळापासून नष्ट" वाल्यांचे. घाबरवण्यात धंदा आहे, धीर देण्यात नाही.

अर्थात धीर देऊन सगळं भागत नाही. लघवीवरचा ताबा जाणं, दोन्ही पायांची ताकद जाणं, ताप, विनाकारण वजन उतरणं असं काही असेल तर एमआरआयला टाळाटाळ करू नये; ताबा किंवा ताकद गेली असेल तर तो त्याच दिवशी काढावा. आणि मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या हमालाला "हिंडतेफिरते राहा" हे सांगणं म्हणजे त्याची थट्टा आहे. त्याच्या पाठीला भीतीनं धरलेलं नसतं, पोत्यानं धरलेलं असतं. "वाकू नका" हा सल्ला त्याला लागू नाही आणि "वाका" हाही नाही. ओझ्याचं वजन आणि मजुरीचा दर हे दोन्ही त्याच्या उपचारात धरावे लागतात, आणि ते कुठल्याही चिठ्ठीवर लिहिता येत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात मावशीला आमच्याकडे आणलं, तिच्या मनाविरुद्ध. त्याच मुलीकडे नेलं. मावशीनं आधी सुई मागितली. मिळाली नाही. मग व्यायामाचं नाव काढल्यावर भडकलीच. "जन्मभर राबले ते काय व्यायाम नव्हता व्हय? आता या वयात कवायत करू?" ती मुलगी म्हणाली, कवायत नको. "मावशी, गुडघ्यांमुळे नेमकं काय करायचं राहतंय?" मावशीनं जरा विचार केला आणि म्हणाली, बेदाण्याच्या शेडपर्यंत जाता येत नाही, सून व्यापाऱ्याशी काय भाव ठरवते ते कळत नाही. झालं, तेच औषध ठरलं. पहिला आठवडा दारापासून विजेच्या खांबापर्यंत, दुखलं तरी आणि बरं वाटलं तरीही तेवढंच, मग विहिरीपर्यंत, मग शेड. गोळ्या एकदम बंद नाहीत, पण चिठ्ठीनं आणि रक्त तपासून.

आता ती शेडपर्यंत जाते. गुडघे दुखतात, वांगं अजून बंद आहे आणि मधल्या विहिरीच्या कट्ट्यावर बसावं लागतं. परवा फोन आला. मला वाटलं गुडघ्यांचं काही. छे! सुनेनं बेदाणा किलोमागे वीस रुपये कमी भावानं दिला म्हणून ती तिथेच उभी राहून व्यापाऱ्याशी अर्धा तास भांडली होती, आणि ते सगळं मला पहिल्यापासून ऐकवायचं होतं.